बाईला दाखल करायचं, तर घर कोण बघणार?

गेल्या काही वर्षांत सांगली जिल्ह्याचं नाव द्राक्षं, हळद आणि नाटकांपेक्षा वेगळ्याच कारणानं पेपरात येऊ लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये एमडी या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडी तयार करणारा कारखानाच सापडला. मग शाळा-कॉलेजात शपथा झाल्या, प्रभातफेऱ्या निघाल्या, भाषणं झाली. हे सगळं व्हायलाच हवं. पण या भाषणांमधलं चित्र कधी नीट पाहिलंय? व्यसन करतो तो पुरुष. नवरा, मुलगा, भाऊ. आणि बाई? ती पदराला डोळे पुसणारी बायको, नाहीतर आई. फार तर रस्त्यावर उतरून ‘आडवी बाटली’साठी मतदान करणारी रणरागिणी.

हे चित्र खोटं नाही. आपल्या सातारा-सांगलीच्या बायकांनी दारूपायी जे सोसलंय, ते आपण सगळ्याच जाणतो. पण चित्र अपुरं आहे. कारण व्यसन जडलेली बाई त्यात कुठेच नाही. आणि जी चित्रातच नाही, तिच्यासाठी उपचाराची खाट तरी कोण मांडणार?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयानं देशभर व्यसनांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण शंभरात २७.३, तर बायकांचं १.६ निघालं. ‘दीडच टक्का ना?’ असं म्हणून पान उलटू नका. आपल्या देशात शंभरातल्या दीड बायका म्हणजे कित्येक लाख. शिवाय दारातल्या परक्या माणसाला, मागं सासूबाई उभ्या असताना, ‘हो, मी घेते’ असं कितीजणी सांगतील?

तंबाखूचं बघा. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात शंभरातल्या १७ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. तव्यावर भाजलेली काळी मशेरी आपल्याकडच्या किती घरांत फळीवर डबीत असते! तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. ‘दात घासते’ म्हणायचं. सकाळी, दुपारी, भांडी घासून झाल्यावर, झोपताना… दात असे किती वेळा घासतात हो?

तिसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. अल्प्राझोलामसारखी गोळी कधीतरी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते. चिठ्ठी जुनी होते, पण गोळी चालूच राहते. मग अर्धीची एक, एकीच्या दोन. या घरात आरडाओरडा नसतो, वास नसतो, शेजाऱ्यांना कळायचं कारण नसतं. म्हणून ते व्यसन वाटतच नाही.

मैत्रिणींनो, मी बचत गटांच्या निमित्तानं दोन्ही जिल्ह्यांत फिरते. बैठकीत हा विषय निघत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालताना, कुणीतरी हळूच दंडाला धरून बाजूला नेतं. ‘ताई, आमच्या जावेचं जरा… कुणाला सांगू नका.’ आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘दाखल करायलाच लागंल का? का घरूनच औषध देता येतंय?’

आज या प्रश्नावरच बोलायचंय. कारण या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत चुकीच्या तराजूत तोललं जातं.

लाजेचा तराजू

दोन बायकांची हकिगत सांगते. नावगाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून तपशीलही थोडे बदलले आहेत.

एक कोरेगावकडची, पस्तिशीतली. रोजगारावर जाणारी. नवऱ्यानंच ‘अंग दुखायचं थांबतंय’ म्हणून पहिल्यांदा हातात ग्लास दिलेला. सहा-सात वर्षांत सकाळी उठल्या उठल्या घेतल्याशिवाय तिचे हात थरथरायचे थांबेनात. घरच्यांनी काय केलं? माहेरी-सासरी कुणाला कळू नये म्हणून तिला मागच्या खोलीत कोंडलं. ‘चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटंल.’ दुसऱ्या दिवशी तिला फिट आली. तिसऱ्या दिवशी तिला भिंतीवर किडे दिसायला लागले, माणसं ओळखेना. मग धावाधाव, रिक्षा, मोठा दवाखाना. वाचली, पण थोडक्यात.

दुसरी तासगावकडची, साठीतली. मोठा मुलगा अपघातात गेल्यापासून झोपेच्या गोळ्या. आठ वर्षं. धाकट्या मुलाला कळलं तेव्हा तो हबकला. कुणीतरी पत्ता दिला म्हणून आईला तीन महिने एका केंद्रात ‘टाकायचं’ त्यानं ठरवलं. सुदैवानं आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तपासलं, बोलतं केलं आणि सांगितलं, की या बाईंना दाखल करायची गरज नाही. गोळी एकदम बंद करायची नाही. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची, दर वेळी येऊन दाखवायचं. आणि मुलगा गेल्याचं जे दुःख आठ वर्षं गोळीखाली दाबलंय, त्याबद्दल बोलायचं. पाच-सहा महिन्यांत गोळी सुटली. घर सुटलं नाही, नातवाची शाळा सुटली नाही.

बघा कसं उलटं झालं. जिला ताबडतोब दाखल करायला हवं होतं, तिला घरात कोंडलं. आणि जी घरी राहून बरी होऊ शकत होती, तिला दूर धाडायची तयारी झाली. दोन्हीकडे तराजू एकच, ‘लोक काय म्हणतील’चा! बाई घरात लागते म्हणून लपवायची, नाहीतर बाईनं नाक कापलं म्हणून नजरेआड करायची. तिच्या शरीराला, तिच्या मनाला काय हवंय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

आधी शरीराला विचारा

दाखल करायचं की ओपीडीत येऊन-जाऊन उपचार घ्यायचे, हे ठरवताना पहिला शब्द शरीराचा असतो. आणि तो ऐकायचं काम डॉक्टरांचं.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली, की साधारण सहा तासांपासून चोवीस तासांच्या आत त्रास सुरू होतो. हात कापतात, घाम येतो, उलट्या होतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भास होतात, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून पूर्वी कधी दारू तुटल्यावर फिट आली असेल, भ्रम झाला असेल, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, कावीळ किंवा लिव्हरचा, हृदयाचा आजार असेल, पोटात बाळ असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, किंवा दारूबरोबर गोळ्याही चालू असतील, तर पहिले काही दिवस दवाखान्यात दाखल होऊनच काढावेत. तिथं लाज, खर्च, पाहुणेरावळे यांचा विचार मागं ठेवायचा.

बाईच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्यायला हवं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं. तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि लिव्हरला लवकर इजा करते. त्यामुळे ‘नवऱ्यापेक्षा कमीच घेते की’ हा हिशेब फसवा आहे.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. वर्षानुवर्षांची गोळी झटक्यात बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळूच उतरवायची. गोळ्यांचा डोस फार मोठा असेल, तर त्यासाठीही दाखल व्हावं लागतं.

मशेरीचं मात्र वेगळं. ती सोडताना चिडचिड होते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, पण जिवाला धोका नसतो. त्यासाठी कुणाला दाखल व्हायची गरज नाही. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करून घरबसल्या मदत घेता येते. गरोदरपणात मशेरी चालूच राहिली तर बाळ वजनाला कमी जन्मतं, एवढं एक वाक्य प्रत्येक आशाताईनं प्रत्येक घरात सांगावं असं मला वाटतं.

आणि हो, ‘नकळत जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशा पुड्यांच्या नादी लागू नका. दारू सोडवण्याचं डायसल्फिराम हे औषध माहीत नसताना पोटात गेलं आणि त्यावर दारू घेतली, तर रक्तदाब एकदम उतरून माणूस दगावू शकतो. औषध देणार तर सांगून, विचारून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

मग घराकडे बघा

शरीराचा धोका नसेल तर दुसरा प्रश्न येतो. ती ज्या घरात राहून उपचार घेणार, ते घर तिला सावरणारं आहे की ढकलणारं?

ओपीडीच्या उपचारात चांगलं काय आहे? बाई पोरांजवळ राहते. मजुरी, नोकरी बुडत नाही. खर्च कमी. शिवाय रोजच्याच आयुष्यात, त्याच भांडणांत आणि त्याच काळज्यांत व्यसनावाचून कसं राहायचं, हे ती पहिल्या दिवसापासून शिकते. औषधांनी ओढ कमी करता येते, समुपदेशनानं मन बळकट होतं. सौम्य आणि मध्यम त्रास असणाऱ्या बहुतेकांना हाच मार्ग आधी सुचवला जातो.

पण त्याच घरात नवरा रोज संध्याकाळी बाटली उघडून बसत असेल तर? मार पडत असेल तर? औषधाची पट्टी सासू लपवून ठेवत असेल, दवाखान्यात जायला एसटीचे पैसे द्यायला कुणी तयार नसेल, तर घरून उपचार कागदावरच राहतात. तेव्हा काही आठवडे त्या घरापासून लांब जाणं हाच औषधाचा पहिला डोस ठरतो. दोन-तीनदा ओपीडीतून प्रयत्न करून पुन्हा पुन्हा घसरण झाली असेल, तरी दाखल होण्याचा विचार करावा.

अंतराचाही प्रश्न आहे. जत, आटपाडी किंवा माणच्या टोकाच्या गावातून दर आठवड्याला सांगली-मिरजेला नाहीतर साताऱ्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, दिवसाची मजुरी जाते. अशा बाईला तीन महिने हेलपाटे घालण्यापेक्षा महिनाभर एका जागी राहणं कधी कधी स्वस्त पडतं. पण हे तिच्याशी बसून ठरवायचं. तिच्या माघारी नाही.

बाईला बायको नसते

आता मूळ मुद्द्यावर येते.

१९७७ साली लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड या तज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तो आजही सांगितला जातो. दारूच्या आहारी गेलेल्या शंभर जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला त्या काळी मिळत होते ते सगळे उपचार दिले. त्यात ओपीडी होती, औषधं होती, गरजेनुसार दाखल होणंही होतं. दुसऱ्या गटाला फक्त एकदा बसवून नीट सल्ला दिला. वर्षभरानं पाहिलं तर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता! थोडक्या उपचारानंही काम भागतं, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला.

पण ते शंभर जण कोण होते? सगळे पुरुष. आणि सगळे विवाहित. सल्ला देताना त्यांच्या बायकांनाही शेजारी बसवलं होतं. म्हणजे ‘थोडक्या’ उपचाराच्या मागे घरी चोवीस तास एक बिनपगारी परिचारिका होतीच. तिची नोंद खर्चात कुणी धरली नाही.

आपल्याकडे वेगळं काय आहे? नवरा महिनाभर दाखल झाला तर बायको घर ओढते, डबे करते, पैसे उसने आणते, भेटायला जाते आणि आल्यावर त्याला सांभाळते. बाई दाखल झाली तर? पहिला प्रश्न, ‘घर कोण बघणार?’ दुसरा, ‘पोरांचं काय?’ तिसरा, ‘परत आल्यावर नांदवायची का?’ पुरुषाला दाखल करायला बायको असते. बाईला बायको नसते. सगळी मेख इथं आहे.

पुण्याच्या मुक्तांगणची गोष्ट यासाठीच सांगावीशी वाटते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. तिथले उपचार ३५ दिवस राहून घ्यायचे असतात. दाखल होणारे सुरुवातीला पुरुषच. त्यांच्या बायकांनाही आधार हवा हे ओळखून तिथं ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. पुढे व्यसनात अडकलेल्या बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग झाला. ही फार मोठी गोष्ट आहे. कारण पुरुषांच्या वॉर्डात दोन खाटा बाजूला काढणं म्हणजे बायकांची सोय नव्हे. अत्याचार, गर्भपात, संशय, मूल नसणं, नवऱ्यानंच लावलेली सवय, या गोष्टी बाई पुरुषांनी भरलेल्या गटात कशी बोलणार? आणि बोलली नाही, तर उपचार तरी कशावर करणार?

जातीनं-पैशानं मोठ्या घरच्या बायकांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड दुखण्याच्या गोळ्या आणि दारू दोन्हींत अडकल्या होत्या. घरच्यांनी समोर बसवून बोलल्यावर १९७८ मध्ये त्यांनी उपचार घेतले आणि ते जगाला उघडपणे सांगितलं. १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकारानं कॅलिफोर्नियात केंद्र सुरू झालं, तेव्हा निम्म्या खाटा बायकांसाठी राखून ठेवायच्या हा आग्रह त्यांनी धरला. बाईला बरं व्हायला वेगळी जागा लागते, हे त्या स्वतःवरून शिकल्या होत्या.

आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. साताऱ्याहून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. पण मनातलं अंतर त्याहून मोठं. मुक्तांगण येरवड्याला आहे म्हटलं की आजही घरातली म्हातारी माणसं दचकतात. ‘येरवड्याला नेलं’ याचा आपल्याकडे एकच अर्थ! हा गैरसमज आपणच घालवायचा आहे.

आणि माणसांनी दूर जाण्याऐवजी उपचार माणसांजवळ आणता येतात, हेही कुणीतरी करून दाखवलंय. नवऱ्याला दारूपायी गमावलेल्या शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये चेन्नईत टी. टी. रंगनाथन संस्था काढली. या संस्थेनं तामिळनाडूच्या खेड्यांत जाऊन तिथंच राहून उपचाराची शिबिरं घेतली. गावातली माणसं गावातच, गावाच्या मदतीनं बरी होतात. दाखल होणं आणि घरी राहणं यांच्या मधली ही तिसरी वाट आहे. ती माण-खटावात, जत-आटपाडीत, खास बायकांसाठी का येऊ नये?

कायदा आपल्या बाजूनं आहे

बऱ्याचजणींना माहीत नसतं, की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आजारांनाही लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी फळ्यावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

एक, उपचार घेणाऱ्या बाईचं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर एरवी त्याला तिच्यापासून तोडायचं नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तरच वेगळं ठेवायचं. म्हणजे ‘तान्हं पोर आहे, कशी दाखल होऊ?’ या प्रश्नाला कायद्यानं उत्तर दिलेलं आहे. प्रत्यक्ष सोय आहे का, हे केंद्राला विचारायचं.

दोन, आपल्या वतीनं बोलणारा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आपण स्वतः निवडू शकतो. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून. तो नवराच हवा असं नाही. आई, बहीण, मैत्रीण, कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. तिची लेखी संमती मात्र हवी.

तीन, स्वतःहून दाखल झालेल्या बाईला स्वतः घरी जायचा हक्क आहे. तिची निर्णय घेण्याची अवस्था नसेल आणि प्रतिनिधीच्या अर्जावरून तिला दाखल केलं, तर त्याची मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांची. शिवाय बाईला असं दाखल केल्यावर तीन दिवसांच्या आत मंडळाला कळवावं लागतं. पुरुषासाठी हीच मुदत सात दिवसांची आहे. बायकोला ‘व्यसनी’ ठरवून कुठंतरी डांबून टाकण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून ही काळजी. साखळीनं बांधणं तर कायद्यानं बंदच आहे.

म्हणून दाखल करायचं ठरलं, तर आधी जाऊन जागा बघून या. केंद्राची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ स्वतः येतात का, किती वेळा? बायकांची झोपायची, अंघोळीची जागा वेगळी आहे का? रात्री ड्यूटीवर बाई असते का? घरच्यांना भेटू, फोनवर बोलू देतात का? घरी सोडल्यावर पुढचे उपचार कोण बघणार? ‘सहा महिने सोडा, भेटायला येऊ नका, आम्ही सरळ करतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागं फिरा. माणूस वाकडा झालेला नसतो, आजारी असतो.

पस्तिसाव्या दिवसानंतर

दाखल व्हा किंवा ओपीडीत जा, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. महिनाभरात व्यसन थांबतं, पण बरं होणं पुढं कित्येक महिने चालू राहतं. दाखल झालेल्यांनाही नंतर ओपीडीत यावंच लागतं. म्हणजे ‘हे की ते’ असा प्रश्न नसतोच. काहींना आधी ते, मग हे. मधे एखादी घसरण झाली, तर तो पैसे बुडाल्याचा पुरावा नव्हे. साखर वाढली म्हणून कुणी मधुमेहाचे उपचार सोडून देतं का?

पुरुष बरा होऊन आला की त्याचं कौतुक होतं. ‘सुटला बिचारा!’ वर्षाचा वाढदिवस साजरा होतो. बाई बरी होऊन आली की तिचा पदर हुंगला जातो. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर चर्चा होते. कोरेगावच्या त्या बाईनं मला नंतर सांगितलं, ‘दारू सोडायला आठ दिस लागलं ताई, पण माझ्या हातचा चहा जावेनं घ्यायला दीड वरीस लागलं.’ त्या दीड वर्षात ती पुन्हा घसरली नाही, हे तिचं मोठेपण. पण प्रत्येकीकडून एवढ्या मोठेपणाची अपेक्षा आपण का करायची?

एम्सच्या त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले. दाखल होऊन उपचार तर १८० मधल्या एकाला. ही गत पुरुष धरून. मग बाईचा नंबर कधी लागणार?

नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांपासून सुरू झालं. त्यात प्रतिज्ञा घ्यायला आपल्याला बोलावतात. पुढच्या वेळी बोलावतील तेव्हा प्रतिज्ञा जरूर घ्या, पण दोन प्रश्नही विचारा. आपल्या जिल्ह्यात व्यसनात अडकलेल्या बायकांसाठी वेगळ्या खाटा किती? आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं ग्रामसभेच्या ठरावातूनही मागता येतात. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आपण बायका एक होऊ शकतो, तर बायकांच्या वॉर्डासाठी का नाही?

तोवर घरात अडचण असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोनवर नाव सांगावंच लागतं असं नाही. पण बोलून पहिलं पाऊल पडतं.

आणि एक काम सरकारवर सोडायची गरज नाही. बचत गटात दहा-पंधरा जणी असतात. गटातली एखादी उपचारासाठी दाखल होणार असेल, तर ३५ दिवस वाटून घ्यायला आपल्याला कुणाची परवानगी लागते? एकीनं पोरांचा डबा, दुसरीनं गाई-म्हशीचं बघायचं, तिसरीनं म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात न्यायचं. हप्ता थकला तर गटानं महिनाभर थांबायचं. बाळंतपणाला, मयताला आपण हे करतोच की! न सांगता, न मोजता करतो. या आजारपणाला तेवढंच करायचं. तिची गोष्ट मात्र गटातच ठेवायची, पारावर न्यायची नाही.